पुण्य कोणाच्या खात्यावर?

मार्च 2009 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर ‘क्लॅनाड: आफ्टर स्टोरी’ या ॲनिमे मालिकेचा 22वा भाग लागला आणि त्याने सुरू केलेला वाद अजून मिटलेला नाही. आदल्या भागात पाच वर्षांची उशिओ भर बर्फात बापाच्या मिठीत प्राण सोडते. तिची आई नागिसा तिला जन्म देतानाच गेलेली असते. तोमोया ओकाझाकी या तरुणाजवळ आता काहीच उरलेले नाही. आणि मग, 22व्या भागात, तो पुन्हा शाळेकडे जाणाऱ्या त्या उतारावर उभा असतो, जिथे नागिसा त्याला पहिल्यांदा भेटली होती. तो तिला हाक मारतो. पुढच्या क्षणी बाळंतपणाची तीच रात्र, पण या वेळी नागिसा वाचते. उशिओ वाढते, हसते, आईबापांबरोबर राहते. काही प्रेक्षक आनंदाने रडले. काहींना राग आला: इतके भोगायला लावून शेवटी सगळे पुसून टाकायचे, ही फसवणूक आहे.

ज्यांनी आधी मूळ खेळ खेळला होता, त्यांना हा शेवट नवा नव्हता. ‘की’ या ओसाकाच्या संस्थेने 28 एप्रिल 2004 रोजी संगणकासाठी ‘क्लॅनाड’ ही व्हिज्युअल नॉव्हेल बाजारात आणली. मुख्य कथा जुन माएदा यांची. तिचा शेवटही हाच. तोच उतार, तीच हाक, तेच परत मिळालेले आयुष्य. म्हणजे घटनांपुरते पाहिले तर क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने मूळ कृतीशी इमान राखले. तरीही खेळणाऱ्याला जो शेवट कमावलेला वाटतो, तोच पडद्यावर कित्येकांना फुकटचा वाटला. घटना त्याच, मग न्यायाची भावना कुठे गळाली? हा प्रश्न पटकथेचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी फार जुना धार्मिक प्रश्न आहे. केलेल्या कर्माचे फळ कोणाला मिळते? आणि न केलेल्याचे फळ कोणाच्या पदरी पडले, तर तो अन्याय म्हणायचा की कृपा?

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे चित्र, समोर पात्र, खाली मजकूर, सोबत संगीत. मधूनमधून वाचकापुढे पर्याय येतात. ग्रंथालयात जायचे की वर्गात, अमक्याचे ऐकून घ्यायचे की निघून यायचे, आणि त्या निवडीप्रमाणे कथेला वाट फुटते. एक वाट संपली की सुरुवातीला परतायचे आणि दुसरी धरायची. ‘क्लॅनाड’मध्ये अशा पुष्कळ वाटा आहेत. एका वाटेवर तोमोया तोमोयो साकागामी या धडाडीच्या मुलीच्या प्रेमात पडतो, दुसरीवर क्योच्या. विमान अपघातात आईवडील गमावलेली कोतोमी, अपघातानंतर बेशुद्ध पडून असलेली आणि तरीही बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण म्हणून लाकडाचे तारामासे कोरून वाटणारी फूको, वसतिगृह सांभाळणारी मिसाए, शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या खोलीत बसणारी युकिने, प्रत्येकीची वाट वेगळी.

या वाटांवर तोमोया कोणाचे तरी दुःख हलके करतो आणि प्रकाशाचा एक लहानसा गोळा दिसतो. गावात दंतकथा आहे की माणसाच्या सुखाच्या क्षणी असा प्रकाश जन्मतो आणि तो इच्छा पूर्ण करू शकतो. खेळणाऱ्याने वाटेवाटेवर हे गोळे गोळा करायचे. ते पुरेसे जमले नाहीत, तर खेळाचा खरा शेवट उघडतच नाही. नागिसा वाचते ती या साठलेल्या प्रकाशामुळे.

आता यातली गोम पाहा. जो तोमोया मिसाएच्या वाटेवर तिला सावरतो, तो नागिसाच्या वाटेवरचा तोमोया नव्हे. खेळ पुन्हा सुरू झाला की त्याला मागचे काही आठवत नाही. त्या जगात मिसाएची आणि त्याची तशी गाठच पडलेली नसते. तरी तिकडचा प्रकाश इकडे कामी येतो. कर्म एकाचे, फळ दुसऱ्याला.

भारतीय दर्शनांत या पेचाला नावे आहेत. केलेल्या कर्माचे फळ हरवणे हा कृतनाश आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. बौद्धांच्या क्षणभंगवादावर नैयायिकांनी, मीमांसकांनी आणि जैन आचार्यांनी हेच दोन दोष ठेवले. क्षणाक्षणाला माणूस नवा होत असेल, नित्य आत्मा नसेल, तर काल चोरी करणाऱ्याची शिक्षा आज भलत्यालाच भोगावी लागते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला यावर आंब्याचे उदाहरण देतो. चोर म्हणाला की मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, तर त्याला सोडून द्यायचे का? राजा म्हणतो, नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्यांपासूनच आले. सारखेपणा नसला तरी परंपरा आहे, आणि जबाबदारीला तेवढी पुरते.

‘क्लॅनाड’च्या वाटांमध्ये ही परंपरा कोण राखतो? तोमोया नक्कीच नाही. ती राखतो खेळणारा. सगळ्या वाटा आठवणारा, पहिल्या फेरीतले दुःख दुसऱ्या फेरीत घेऊन येणारा असा कथेत एकच जण आहे आणि तो पडद्याच्या अलीकडे बसलेला आहे. जपानी विचारवंत हिरोकी आझुमा यांनी 2007 साली खेळांच्या धर्तीवरच्या वास्तववादावर एक पुस्तक लिहिले. पात्राचा अनुभव आणि खेळणाऱ्याचा अनुभव हे दोन वेगळे थर आहेत आणि अशा कृतींचा अर्थ दुसऱ्या थरावर घडतो, असा त्यांचा रोख आहे. ‘क्लॅनाड’ला तो तंतोतंत लागू पडतो. वाट्याला येणारे पुण्य तोमोयाचे, पण श्रम खेळणाऱ्याचे. कित्येक तास वाचून, पर्याय निवडून, चुकून, पुन्हा मागे जाऊन त्याने ते जमवलेले असते आणि शेवटी ते अशा एकाला दिलेले असते, ज्याला दात्याचा पत्ताही नाही.

महायान बौद्ध परंपरेत याला परिणामना म्हणतात, जपानीत एको. आपण केलेले पुण्य दुसऱ्याच्या नावे करणे. जपानमध्ये मृतांसाठी सूत्रपठण करून त्याचे पुण्य त्यांना अर्पण करण्याची रीत आजही घराघरांत आहे. माएदा यांनी हा विचार मनात धरून खेळ रचला असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणायची गरजही नाही. खेळाची रचनाच एकोची आहे.

या रचनेचे रूपांतर करायचे, तर ॲनिमेकडे खेळणाराच नसतो. तिथे फक्त प्रेक्षक असतो आणि त्याच्या हातात निवड नसते. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा आणि मालिकेची बांधणी करणारे फुमिहिको शिमो यांच्यापुढे हा खरा पेच होता. ऑक्टोबर 2007 ते मार्च 2008 पहिले पर्व आणि ऑक्टोबर 2008 ते मार्च 2009 दुसरे, असे मिळून 47 भाग त्यांच्याकडे होते. एरवी हा मोठा अवकाश, पण इतक्या वाटांसाठी अपुराच.

त्यांनी वाटा एकात एक गुंफल्या. ॲनिमेतला तोमोया एकच आयुष्य जगतो आणि त्या एका आयुष्यात तो फूकोचे तारामासे वाटायला मदत करतो, कोतोमीच्या घराची रान माजलेली बाग स्वतः खपून साफ करतो, मिसाएचे मनात अडकून राहिलेले दुःख ऐकून घेतो, युकिनेच्या मृत भावावरून पेटलेल्या भांडणात उतरतो. खेळात जे अनेक जन्मांत विभागलेले होते, ते इथे एका माणसाच्या एका वर्षात आले. तर्काने पाहिले तर अकृताभ्यागमाचा दोष इथे निघून जातो. ज्याने केले, त्यालाच मिळाले. शाळेच्या त्या वर्षात या मुलांनी लोकांसाठी जे केले त्याचाच प्रकाश शेवटी नागिसाला वाचवतो.

मग तक्रार का?

कारण ॲनिमेत करणारा आणि भोगणारा एक झाला खरा, पण पाहणारा बाजूला पडला. खेळात पुण्य जमवताना खेळणाऱ्याची स्वतःची झीज होते. त्याला ठाऊक असते की हा प्रकाश मी मिळवला. पहिले पर्व पाहणारा प्रेक्षक कोतोमीची गोष्ट संपली की डोळे पुसतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. त्या भागांनी कुठेतरी काही साठवले, ही जाणीव त्याला होत नाही. पंचवीस-तीस भागांनंतर त्या साठ्याचा हिशेब अचानक चुकता होतो, तेव्हा त्याला तो साठाच आठवत नाही. म्हणून चमत्कार आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

या तक्रारीत तथ्य आहे. 22वा भाग फार घाईने उलगडतो. मुलगी आणि भंगारातून बनवलेला यंत्रमानव यांचे ते ओसाड मायाविश्व पहिल्या पर्वापासून अधूनमधून दिसत होते, पण त्याचा या प्रकाशाशी असलेला संबंध शेवटच्या काही मिनिटांत कोंबला आहे. नागिसाचे प्राण या गावाशी कसे जोडले गेले, हे तिचा बाप आकिओ उशिरा सांगतो. लहानपणी ती मरणाच्या दारात असताना तो तिला उचलून एका मोकळ्या हिरव्या जागेवर घेऊन गेला होता आणि ती वाचली. पुढे त्याच जागेवर इस्पितळ उभे राहिले. ही गोष्ट आधी, निवांत, वजनाने सांगायला हवी होती. 19व्या भागात तोमोया बापाला, नाओयुकीला, माफ करतो आणि तो म्हातारा गाव सोडून निघतो, तेव्हा मात्र प्रकाश तोमोयाकडे येताना दिसतो. त्या एका दृश्यात दिग्दर्शकाने जे साधले, ते आणखी दोन-चार ठिकाणी हवे होते.

तरीही ॲनिमेच्या बाजूने एक मोठी गोष्ट बोलली पाहिजे आणि ती खेळाच्या चाहत्यांना क्वचितच सुचते. खेळात प्रकाश जमवायचा असतो हे खेळणाऱ्याला फार लवकर कळते. मग मिसाएला मदत केली जाते ती तिच्यासाठी की गोळ्यासाठी? दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, विशेषतः मार्गदर्शिका समोर ठेवून खेळताना, परोपकाराला व्यवहाराचा वास येऊ लागतो. कर्म सकाम होते. ॲनिमेतल्या तोमोयाला यातले काहीच माहीत नसते. बाग साफ करताना त्याच्या मनात कोतोमीशिवाय दुसरा विचार नाही. आपण एका न झालेल्या बायकोचे, न जन्मलेल्या मुलीचे आयुष्य विकत घेतो आहोत, याची त्याला कल्पनाही नाही. गीतेची शिकवण लहानपणापासून कानावर असलेल्या मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. कथेचा जो नैतिक गाभा आहे, म्हणजे गाव एकमेकांच्या चांगुलपणावर जगते हा, तो ॲनिमेत अधिक निर्मळपणे उतरतो.

पुण्याचा हिशेब ठेवावा की नाही, या प्रश्नावर जपानमध्ये आठशे वर्षे विचार झालेला आहे. होनेन यांचे शिष्य शिनरान (1173–1263) यांनी जोदो शिन्शू हा पंथ घडवला. आजच्या जपानमधल्या सर्वांत मोठ्या बौद्ध परंपरांपैकी तो एक आहे. स्वतःच्या साधनेने मुक्ती मिळवणे म्हणजे जिरिकी, स्वबळ. अमिदा बुद्धाच्या संकल्पाने ती मिळणे म्हणजे तारिकी, दुसऱ्याचे बळ. शिनरान यांनी दुसरा मार्ग इतक्या टोकापर्यंत नेला, की पुण्य अर्पण करण्याची दिशाच त्यांनी उलटी केली. एको माणसाकडून निघत नाही, ती अमिदाकडून माणसाकडे येते. माणसाने आपल्या पुण्याचा हिशेब मांडणे हाच अडथळा. या भाषेत बोलायचे तर मूळ खेळ जिरिकीचा आहे आणि ॲनिमे तारिकीचे. क्योतो ॲनिमेशनचे मुख्यालय उजी शहरात आहे आणि त्याच शहरात अमिदाची 1053 सालची मूर्ती असलेले ब्योदोइन हे मंदिर आहे. हा केवळ योगायोग आहे आणि तो योगायोग म्हणूनच घ्यावा. पण त्या भूमीतल्या प्रेक्षकाला न कमावलेली कृपा परकी वाटत नाही, एवढे मानायला हरकत नाही.

रूपांतराची तिसरी तऱ्हाही आहे. सप्टेंबर 2007 मध्ये, मालिकेच्या आधी काही आठवडे, तोएई ॲनिमेशनचा ‘क्लॅनाड’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक ओसामु देझाकी. त्यात गोळे नाहीत, गावाचा प्रकाश नाही, काळ मागे फिरत नाही. नागिसा मरते आणि मेलेलीच राहते. तोमोया खचून वर्षे घालवतो आणि शेवटी आपल्या मुलीला कवेत घेतो. चाहत्यांना हा चित्रपट फारसा रुचला नाही. मूळ कृतीपासून इतका दूर गेलेला म्हणून रुचला नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्याच्याकडेही एक उत्तर आहे आणि ते बुद्धाने किसा गौतमीला दिले तेच. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला निघालेली ती आई रिकाम्या हाताने परतते आणि मेलेल्या लेकराला निरोप देते. कर्माने मिळवलेला चमत्कार, कृपेने मिळालेला चमत्कार आणि चमत्काराशिवायचा स्वीकार: एका कथेची ही तीन रूपे आहेत. देझाकींचे उत्तर कडक आहे, पण ज्याच्या घरात खरोखर कोणी गेले आहे त्याला कदाचित तेच जवळचे वाटेल.

करणारा आणि भोगणारा यांच्या नात्याची ही कसोटी इतर रूपांतरांनाही लावून पाहता येते. ‘श्टाइन्स गेट’ ही 2009 ची व्हिज्युअल नॉव्हेल व्हाइट फॉक्सने 2011 मध्ये ॲनिमेत आणली आणि तिची गणना अत्यंत इमानी रूपांतरांत होते. तिथे नायक ओकाबे याला एका जगातून दुसऱ्या जगात जाताना मागचे सारे आठवते. परंपरा राखण्याचे काम पात्रानेच उचललेले असल्यामुळे खेळणारा वगळला तरी काही तुटत नाही. उलट ‘फेट/स्टे नाइट’ (2004) मध्ये तीन वाटा आहेत आणि सगळ्यांना वाचवायचे या शिरो एमियाच्या ध्येयाला प्रत्येक वाट वेगळे उत्तर देते. स्टुडिओ डीनने 2006 मध्ये पहिल्या वाटेत इतर दोन वाटांचे तुकडे मिसळले आणि उत्तरे एकमेकांत गढूळ झाली. पुढे युफोटेबलने दुसरी वाट 2014–15 च्या मालिकेत आणि तिसरी 2017 ते 2020 या काळातल्या तीन चित्रपटांत वेगवेगळी मांडली. ते योग्य झाले.

‘क्लॅनाड’मध्ये अशी फाळणी करता आली नसती, कारण तिथल्या वाटा परस्परविरोधी नाहीत, त्या एकमेकींना पोसतात. पण एक वाट निवडली की बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. पहिल्या पर्वाच्या 18व्या भागात टेनिसच्या सामन्यात नागिसाला लागते आणि तोमोया तिच्याकडे धावतो. क्यो, तिची जुळी बहीण र्‍यो आणि तोमोयो यांना त्या धावण्यात सगळे कळून चुकते. जुळ्या बहिणी रडतात. खेळात या तिघींना आपापली वाट होती. इथे त्यांच्या वाटा आपल्या डोळ्यांसमोर बंद होतात. न घेतलेल्या वाटेची इतकी नेमकी किंमत मूळ खेळ कधीच दाखवू शकला नसता, कारण तिथे सगळे दरवाजे शेवटी उघडे होतात. नंतर स्टुडिओने तोमोयो आणि क्यो यांच्या वाटांवर एकेक जादा भाग काढला आणि दोन्हींना नाव दिले ‘दुसरे जग’. मुख्य कथेत या मुलींना नाकारले, तरी त्यांचे जग खोटे ठरवले नाही. हा सच्चेपणा घटनांच्या यादीत मोजता येत नाही.

फूकोची गोष्ट याच संदर्भात आठवते. एकेक जण तिला विसरत जातो. तिने कोरलेले तारामासे मात्र लोकांच्या हातात राहतात आणि कोणी दिले हे न आठवताही ती माणसे तिच्या बहिणीच्या लग्नाला येतात. करणारी हरवली, कर्म उरले. नागसेनाच्या आंब्यांना याहून चांगला जोड मिळणार नाही. ॲनिमेने ही कथा अगदी आरंभी, सविस्तर सांगितली, आणि खेळणारा वगळल्याने जे हरवले त्याची सर्वांत मोठी भरपाई तिथे झाली.

तेव्हा निवाडा असा. क्योतो ॲनिमेशनने घटना राखल्या, कर्ता बदलला आणि त्यामुळे चमत्काराचा धर्म बदलला. मजुरी होती तिची देणगी झाली. देणगी हा मजुरीहून हलका प्रकार नाही, पण ती देताना देणाऱ्यांचे चेहरे दिसायला हवे होते आणि तिथे मालिका कमी पडली. तिच्यावर ठेवण्याजोगा दोष एवढाच, फसवणुकीचा आरोप टिकत नाही.

ज्यांनी मालिका पाहिली आणि शेवटाने ज्यांचे समाधान झाले नाही, त्यांनी मूळ खेळ जरूर वाचावा. 2015 पासून तो इंग्रजीत स्टीमवर मिळतो. निदान मिसाए आणि युकिने यांच्या वाटा पूर्ण कराव्यात. त्यानंतर दुसऱ्या पर्वाचा 19वा भाग पाहावा, 22वा त्याच्या मागोमाग, आणि उशिओसाठी कोणाकोणाचा प्रकाश आला हे स्वतः मोजून पाहावे.